खूण मिळत नाही, म्हणजे पाचारण नाही का?

तुम्ही लिहिलंय की वय २७ आहे, नोकरी बरी चालली आहे आणि तीन वर्षांपासून धर्मगुरू व्हावं असं मनात येतं. कधी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी हा विचार इतक्या जोराने येतो की डोळे भरून येतात, आणि मग महिनाभर त्याचा मागमूसही नसतो. देवाकडे खूण मागितलीत, ती मिळाली नाही. बरोबर काम करणारी एक मुलगी तुम्हाला आवडते, तिलाही तुम्ही आवडता. शिक्षणाचं कर्ज फिटायचं आहे, आणि घरी अजून काही बोललेला नाहीत. शेवटच्या दोन ओळींत तुम्ही विचारता: हे देवाचं बोलावणं की माझ्याच मनाचे खेळ? आणि ओळखण्यात माझी चूक झाली तर?

मी व्रतस्थ धर्मगुरू आहे. अशा निर्णयाच्या काळात तरुण-तरुणींसोबत बसणं, त्यांचं ऐकणं आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणं, हेच बरीच वर्षं माझं मुख्य काम आहे. तुम्हाला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. समोर बसलेल्या माणसालाही मी ते सांगत नाही; का, ते पुढे येईलच.

सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करतो, कारण गुंता तिथे आहे. देवाने तुमच्यासाठी एक उत्तर लिहून कुठेतरी लपवून ठेवलंय, ते तुम्ही एकट्याने शोधायचं आणि सापडलं नाही तर आयुष्य वाया, असं तुम्ही धरून चालला आहात. असं मानणारी माणसं एक तर वर्षानुवर्षं जागची हलत नाहीत, नाहीतर एखाद्या योगायोगाला खूण समजून धावत सुटतात. चर्चची रीत निराळी आहे. पाचारण एकट्याच्या मनात ठरत नाही, ते दोन बाजूंनी ठरतं. तुम्ही मोकळ्या मनाने पुढे येता, आणि चर्च तुम्हाला पारखून तितक्याच मोकळेपणाने बोलावतं. हे दोन्ही जुळायला वेळ लागतो, आणि तो वेळ मुद्दाम ठेवलेला आहे.

यावर एकदा मोठा वाद झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक आध्यात्मिक लेखक असं मांडत की पवित्र आत्म्याची ओढ अंतर्मनात जाणवली तरच धर्मगुरूपदाचं पाचारण खरं. जोझेफ लाहितों या फ्रेंच धर्मगुरूने त्याविरुद्ध लिहिलं. प्रकरण रोमला गेलं आणि पोप दहावे पायस यांच्या काळात, १९१२ साली, कार्डिनलांच्या आयोगाने लाहितोंच्या बाजूने निर्णय दिला. बिशपने निवडण्याआधी गुरुदीक्षेवर, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या विधीवर, कोणाचाही हक्क नसतो, अंतर्मनातली ती खास ओढ ही आवश्यक अट नाही, आणि शुद्ध हेतू व त्या कामाची योग्यता असली की पुरे, असं आयोगाने म्हटलं. योग्यता म्हणजे स्वभाव, देवाची कृपा, सरळ वागणूक आणि पुरेसं ज्ञान. पुढे चर्चच्या शिकवणुकीत आतल्या हाकेवरही पुन्हा भर आला आणि ते योग्यच झालं. पण तुमच्यासारख्या प्रत्येकाला मी १९१२ चा हा निर्णय सांगतो, कारण त्याने खांद्यावरचं मोठं ओझं उतरतं. खूण मिळाली नाही म्हणजे दार बंद झालं, असं नाही.

गुरुदीक्षेच्या विधीतही हे दिसतं. उमेदवाराचं नाव पुकारलं जातं आणि तो "हजर आहे" म्हणत पुढे येतो. मग बिशप विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर देणारे धर्मगुरू लोकांकडे केलेल्या चौकशीचा आणि प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्यांच्या शिफारशीचा हवाला देतात. त्याला आतून काय जाणवलं, हे तिथे कोणी विचारत नाही.

मग ती ओढ, ते भरून येणारे डोळे, हे सगळं बिनमहत्त्वाचं का? मुळीच नाही. फक्त ते वाचायला शिकावं लागतं, आणि ते आपल्याला शिकवलं लोयोलाच्या संत इग्नेशियसने. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला. वाचायला ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा एवढंच होतं. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा: एका थोर स्त्रीची मर्जी मिळवण्यासाठी करायचे पराक्रम, आणि संत फ्रान्सिस किंवा संत डॉमिनिकसारखं जगणं. रंगवताना दोन्हीत सारखाच आनंद व्हायचा. फरक नंतर जाणवायचा. पराक्रमाची स्वप्नं सरली की मन कोरडं, असमाधानी राहायचं. दुसरी सरली तरी मन शांत, प्रसन्नच असायचं.

म्हणून मी भावनेच्या जोराकडे फारसं पाहत नाही, ती ओसरल्यावर मागे काय उरतं ते पाहतो. मिस्सेत डोळे भरून आले त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कसे होतात? घरच्यांशी बोलताना मन जास्त मऊ होतं की चिडचिडं? कामात लक्ष होतं की सगळं जग क्षुद्र वाटू लागलं होतं? देवाकडून आलेली ओढ माणसाला आजच्या कर्तव्यापासून तोडत नाही, उलट ते नीट करायला बळ देते. धर्मगुरू होण्याच्या विचाराने ज्याला आजची नोकरी, आजचे आईवडील, आजचे मित्र तुच्छ वाटू लागतात, त्याच्या त्या विचाराकडे मी सावधपणे पाहतो. तुमचा हा विचार तीन वर्षं टिकला, विसरला तरी परत आला, हेही महत्त्वाचं आहे. मिस्सेत एकदा डोळे भरून आले यापेक्षा, मधले कोरडे महिने ओलांडूनही तो परत येतो याला मी जास्त वजन देतो.

त्या कोरड्या महिन्यांबद्दल इग्नेशियसचा एक नियम मी अक्षरशः पाळतो आणि पाळायला लावतो. मन उदास, अंधारलेलं, देवापासून तुटल्यासारखं असताना आधीच्या निर्णयात बदल करायचा नाही. त्याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. ध्यानसाधनेत कोणी भारावून गेला, तर त्याला त्या भरात घाईने वचन किंवा व्रत घेऊ देऊ नये, असंही त्याने बजावलं आहे. आणि साधना देणाऱ्याने समोरच्याला व्रतस्थ जीवनाकडे ढकलू नये, दुसरीकडेही ढकलू नये. निर्मात्याला आपल्या निर्मितीशी थेट बोलू द्यावं. "होय, तुला पाचारण आहे" असं मी म्हणत नाही ते यासाठी. पहिल्याच भेटीत छातीठोकपणे तसं सांगणारा कोणी भेटला, तर त्याचं बोलणं जरा बाजूला ठेवा.

भावना काहीच सांगत नसतील तरी मार्ग आहे. मन शांत असताना बुद्धी वापरायची. कागदावर चार भाग करा: सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेत, गेलो तर काय चांगलं आणि काय अवघड, न गेलो तर काय चांगलं आणि काय अवघड. चारही भाग भरा, कारण बहुतेक जण पहिले दोन भरून थांबतात. मग इग्नेशियस सांगतो तशी कल्पना करा: कधीही न पाहिलेला एक माणूस तुमच्यापुढे बसला आहे, त्याचं सर्वस्वी भलं व्हावं असं तुम्हाला वाटतं, आणि त्याची परिस्थिती हुबेहूब तुमच्यासारखी आहे. त्याला काय सल्ला द्याल? या एका प्रश्नाने किती जणांच्या तोंडून उत्तर सहज बाहेर पडलेलं मी ऐकलं आहे.

आता हेतू. काहीजण कशाकडे तरी येत असतात, काहीजण कशापासून तरी पळत असतात, आणि बऱ्याच जणांत दोन्ही मिसळलेलं असतं. मोडलेलं लग्न, नकोसं झालेलं घर, करिअरमधलं अपयश, स्वतःच्या लैंगिकतेची भीती, आईने लहानपणी केलेला नवस, धर्मगुरूला मिळणारा मान. यातलं काही सापडलं म्हणून पाचारण खोटं ठरत नाही. देव मिसळलेल्या हेतूंतूनही माणसाला पुढे नेतो. पण ते उघड बोलावं लागतं आणि बहुतेकदा वाट पाहावी लागते. नातं नुकतंच तुटलेलं कोणी आलं, तर मी निदान वर्षभर अर्जाचा विषयच काढत नाही. दुःख निवल्यावर इच्छा उरली, तर ती मग तपासू.

तुम्ही मात्र पळताय असं मला वाटत नाही. नोकरी बरी आहे, एक मुलगी आवडते, आणि तरीही हा विचार जात नाही. मुलगी आवडते हा पाचारणाविरुद्धचा पुरावा आहे, असं तुमच्या लिहिण्यात डोकावतं. तो तसा नाही. ज्याला कधी कोणी आवडलंच नाही, लग्नाचा आणि मुलाबाळांचा विचार ज्याच्या मनाला शिवलाच नाही, त्याच्याशी मला जास्त खोलात जाऊन बोलावं लागतं. ब्रह्मचर्य म्हणजे नावडती गोष्ट टाळणं नव्हे. एक चांगली, देवानेच पवित्र केलेली गोष्ट बाजूला ठेवून आपली प्रेम करण्याची सगळी शक्ती दुसऱ्या रीतीने देणं, असं ते जगावं लागतं. म्हणून मी विचारतो: तुम्ही चांगला पती, चांगला बाप होऊ शकाल असं तुम्हाला वाटतं का? उत्तर "हो" आलं, तर मला बरं वाटतं. मैत्री टिकवता येते का, एकटं राहता येतं का, राग आणि एकटेपणा आला की तुम्ही कशाचा आधार घेता, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात. मद्य, मोबाइल, अश्लील चित्रफिती यांबद्दलही मी सरळ विचारतो, आणि सरळ उत्तर देणाऱ्याबद्दल माझा आदर वाढतो. पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा मिळू शकते, पण ब्रह्मचर्य मागणाऱ्या लॅटिन परंपरेत जायचं तर हा प्रश्न टाळता येत नाही.

त्या मुलीच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. तिला अंधारात ठेवू नका. "मी सेमिनरीचा विचार करतोय, मला काही महिने हवेत" एवढं तिला सांगा, आणि त्या काळात तिने थांबावंच अशी अपेक्षा ठेवू नका. पाचारण तपासताना दुसऱ्या माणसाला टांगून ठेवण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. दोन्ही दारं अर्धवट उघडी ठेवून एकाही मार्गाचा खरा विचार होत नाही, हाही माझा नेहमीचा अनुभव आहे.

पारखताना चर्च काय पाहतं, ते थोडक्यात सांगतो. शरीर आणि मन ठणठणीत आहे का. अभ्यास झेपेल का. लोकांत मिसळता येतं का, विशेषतः न आवडणाऱ्या लोकांत. चूक दाखवली तर ऐकून घेता येतं का. प्रार्थना आणि मिस्सा, पापनिवेदन यांसारखे चर्चचे संस्कार हे रोजच्या जगण्याचा भाग आहेत का. मानसशास्त्रीय चाचणी सुचवली गेली तर घाबरू नका. तुमच्या स्पष्ट, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय ती करता येत नाही, असं २००८ च्या व्हॅटिकनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे.

दोन भूमिकांतला फरकही आधीच समजून घ्या. तुमचे आध्यात्मिक मार्गदर्शक आणि तुमचं पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू एका बाजूला, आणि तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवणारे सेमिनरीचे प्रमुख (रेक्टर) व बिशप दुसऱ्या बाजूला. सेमिनरीत दीक्षेला पात्र ठरवताना किंवा काढून टाकताना पहिल्या दोघांचं मत विचारायचंच नाही, असं कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, २४० व्या कलमात स्पष्ट आहे. हा आडोसा तुमच्यासाठी ठेवलेला आहे, त्याचा पुरेपूर उपयोग करा. मार्गदर्शकाकडे मन पूर्ण उघडं करा.

धर्मप्रांतीय धर्मगुरू की एखाद्या धर्मसंघाचे व्रतस्थ, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण लवकरच विचाराल. धर्मप्रांतीय धर्मगुरू एका बिशपशी आणि एका प्रदेशातल्या लोकांशी बांधलेला असतो. तो ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं वचन देतो, गरिबीचं व्रत घेत नाही. व्रतस्थ माणूस गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतो, बांधवांच्या समूहात राहतो आणि संघ पाठवेल तिथे जातो. धर्मगुरू न होता ब्रदर म्हणून राहणं हेही पूर्ण पाचारण आहे. मी विचारतो ते एवढंच: वेदीवर उभं राहण्याची ओढ जास्त आहे की बांधवांबरोबर राहण्याची? घरात बसून याचं उत्तर मिळत नाही. चार दिवस जाऊन राहा, त्यांच्याबरोबर प्रार्थना करा, जेवा, भांडी घासा, त्यांना थकलेलं पाहा.

"चूक झाली तर?" या तुमच्या भीतीला उत्तर म्हणजे हा सगळा लांबलचक मार्गच. व्हॅटिकनच्या २०१६ च्या नियमावलीनुसार सेमिनरीत आधी एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा काळ असतो. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून पूर्ण सहा वर्षांचा अभ्यास. पंचविसाव्या वर्षाआधी गुरुदीक्षा नाही. संघात नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा सुरुवातीचा काळ, किमान बारा महिन्यांचं, त्यानंतर तात्पुरती व्रतं निदान तीन वर्षं, मग कायमची. नोव्हिस, म्हणजे त्या काळातला उमेदवार, केव्हाही निघून जाऊ शकतो, आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की तेव्हाही मोकळेपणाने निघता येतं. दीक्षेआधी उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून आणि सही करून द्यावं लागतं की मी हे स्वेच्छेने करतो आहे. कोणालाही कुठल्याही कारणाने दीक्षेसाठी भाग पाडणं पूर्णपणे निषिद्ध आहे. संत बेनेडिक्टने तर सहाव्या शतकातच लिहून ठेवलं की मठात येणाऱ्याला सहज आत घेऊ नका. चार-पाच दिवस दार ठोठावू द्या, आणि मग वर्षभरात तीनदा मठाची पूर्ण नियमावली वाचून दाखवा, म्हणजे आपण कशात शिरतो आहोत हे त्याला कळेल. सेमिनरीत जाणं म्हणजे आयुष्याचा शेवटचा निर्णय नव्हे. तो तपासणीचा पुढचा टप्पा आहे, फक्त आता तुमच्याबरोबर दुसरेही तपासत असतात. दोन वर्षांनी कोणी बाहेर पडला, तर तो अपयशी ठरला असं मी मानत नाही, आणि त्याच्या घरच्यांनीही मानू नये.

आणि चर्चनेच नाही म्हटलं तर? दुखतं, यात शंका नाही. शुभवर्तमानात गेरसेकरांच्या प्रदेशात बरा झालेला माणूस येशूला विनवतो की मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशू येऊ देत नाही. घरी जा, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते आपल्या लोकांना सांग, म्हणतो. फ्रान्समधल्या लुई मार्तें यांना मठात जायचं होतं, पण लॅटिन येत नसल्याने प्रवेश मिळाला नाही. झेली गेरें यांना धर्मभगिनी व्हायचं होतं, त्यांनाही नकार मिळाला. १८५८ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्यांच्या जगलेल्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या, त्यातली एक लिझ्यूची संत तेरेझा. आणि २०१५ मध्ये हे पतिपत्नी एकत्र संत म्हणून घोषित झाले. नकार मिळाला त्या दिवशी यातलं काहीच त्यांना दिसत नव्हतं.

तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. फेडण्याची ऐपत नाही असं कर्ज डोक्यावर असलेल्याला संघात घेऊ नये, असा कायदाच आहे, आणि धर्मप्रांतही कर्जाची चौकशी करतात. म्हणून फेडीचा हिशेब आत्ताच मांडा. त्यासाठी एक-दोन वर्षं नोकरी करावी लागली तर तो काळ फुकट जात नाही. आईवडील तुमच्या कमाईवर अवलंबून असतील तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. घरी कधी बोलायचं हे घरावर ठरतं. माझा कल असा, की आधी मार्गदर्शकाशी काही महिने बोला, मग घरी सांगा; पण अर्ज भरल्यावर कळवू नका. त्यांचा विरोध झाला तर तो ऐकून घ्या. तुम्हाला लहानपणापासून पाहणाऱ्या माणसांना कधी कधी असं काही दिसतं, जे आम्हाला चार वर्षांत दिसत नाही.

पुढच्या सहा महिन्यांसाठी माझं सांगणं थोडंच आहे. रोज अर्धा तास शांतपणे शुभवर्तमानासोबत बसा आणि उठताना मनाची स्थिती दोन ओळींत लिहा. जमेल तेव्हा आठवड्यात एखाद्या दिवशीही मिस्सेला जा, महिन्यातून एकदा पापनिवेदन करा. गरजू माणसांत काहीतरी नियमित काम घ्या, जिथे तुमचं कौतुक होणार नाही असं. एक मार्गदर्शक निवडा आणि दर महिन्याला ती वही घेऊन त्याच्याकडे जा. खूण मागणं तूर्त थांबवा.

तुमच्या प्रश्नात खूण आहे, भीती आहे, कर्ज आहे, मुलगी आहे. पण प्रभू येशूशी तुमचं कसं चाललंय, हे कुठेच आलेलं नाही. कदाचित ते लिहिण्यासारखं वाटलं नसेल. मार्गदर्शकाच्या पहिल्या भेटीत बोलणं तिथून सुरू करा, आणि सेमिनरीचा विषय दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीपर्यंत राहू द्या.